मासळीच्या खोक्यावर क्यूआर कोड आहे, पण मच्छीमाराच्या हातात डेटा आहे का?

गेल्या ऑक्टोबरात दसऱ्याला जोडून सुट्टी टाकून मी घरी, कोयनानगरला आलो होतो. आठवड्यातून दोनदा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून एक मावशी मासे घेऊन येतात. थर्माकोलचे दोन खोके, एक तराजू, आणि खोक्याच्या झाकणाला चिकटपट्टीने लावलेला यूपीआयचा क्यूआर कोड. मी सुरमईबद्दल विचारलं.

"कुठली सुरमई बाळा! वादळ सांगितलंय. बोटी हर्णैला उभ्या आहेत. हे बांगडे बर्फातले आहेत, आधीच सांगते."

अरबी समुद्रात तेव्हा 'शक्ती' चक्रीवादळ होतं. मावशींना ते कळलं होतं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या एका फोटोतून. मी बांगडे घेतले, कोड स्कॅन केला, पैसे गेले. घरी परतताना डोक्यात एकच गोष्ट होती. त्या कोडमुळे माझे पैसे कुणाच्या खात्यात, किती वाजता गेले हे मला सेकंदात कळलं. पण तो बांगडा कुठल्या बोटीने, कुठल्या पाण्यात, कधी पकडला हे ना मला माहीत होतं, ना मावशींना.

आता हे बदलायला लागलंय. गेल्या दीड-दोन वर्षांत मासेमारीच्या धंद्यावर ट्रान्सपॉन्डर, ड्रोन, डिजिटल गणना, ऑनलाइन परवाने आणि मासळीचा माग ठेवणारी यंत्रणा असं सगळं एकदम येऊन आदळलंय. बातम्यांमध्ये याला 'डिजिटल क्रांती' म्हणतात. मी स्वतः सॉफ्टवेअर बनवतो, त्यामुळे मला जरा वेगळा प्रश्न पडतो: हा डेटा जमा होतोय तो कुणाच्या बाजूने बोलणार? कारण यापुढे सरकारदरबारी, बाजारात आणि कोर्टात कोकणच्या मासेमारीचं म्हणणं मांडलं जाईल ते याच डेटाच्या आधारावर.

कोयनानगरचा आणि समुद्राचा काय संबंध?

बराच आहे. कोयना नदी खरं तर पूर्वेला कराडकडे जाऊन कृष्णेला मिळते. पण शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, पोफळीला वीज तयार केली, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज केली, आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडलं. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि तिथून अरबी समुद्रात जाते. म्हणजे आमच्या धरणाचं पाणी घाट उतरून समुद्राला मिळतं आणि समुद्राची मासळी तोच घाट चढून आमच्याकडे येते.

ही मासळी येण्याची साखळी अशी: बोटीवर तांडेल आणि खलाशी. बंदरावर लिलाव. दापोली तालुक्यातल्या हर्णैचा लिलाव तर बघण्यासारखा असतो. व्यापारी तिथून माल उचलतो, चिपळूणच्या बाजारात आणतो, तिथून आमच्या मावशी घेतात. चार-पाच हात बदलतात आणि बहुतेक सगळं तोंडी चालतं. फोटो, फोन, 'उद्या दोन पाट्या ठेव' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. कुठलीही नोंद साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही.

महाराष्ट्रात हा धंदा किती मोठा आहे? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार राज्याच्या किनाऱ्यावर ४५६ मासेमारी गावं आणि ८१ हजारांहून जास्त मच्छीमार कुटुंबं होती. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये राज्यात सुमारे २.९५ लाख टन समुद्री मासळी उतरली. २०१९ मध्ये हा आकडा २.०१ लाख टनांवर घसरला, ४५ वर्षांतला नीचांक. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळं पाठोपाठ आली होती. एका वर्षात एक तृतीयांश मासळी गायब होणं म्हणजे काय, हे पगारदार माणसाने आपल्या पगारावर लावून बघावं.

दोन वर्षांत काय काय झालं?

बातम्या सुट्या सुट्या आल्या, म्हणून एकत्र मांडतो.

- ३० ऑगस्ट २०२४: पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ.
- ११ सप्टेंबर २०२४: राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू. मच्छीमार, विक्रेते, प्रक्रिया करणारे अशा सगळ्यांना डिजिटल ओळख देणारं पोर्टल.
- ९ जानेवारी २०२५: राज्याच्या किनारी जिल्ह्यांत मिरकरवाडा, देवगड, ससून डॉक अशा ९ ठिकाणांहून अवैध मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात.
- २२ एप्रिल २०२५: राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यांसारख्या सवलती.
- ऑगस्ट २०२५: अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. सगळ्यात आधी ओरड झाली ती कोळंबी निर्यातदारांची.
- ३ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२५: देशातली पहिली पूर्ण डिजिटल सागरी मत्स्य गणना. कागदाऐवजी मोबाइल अ‍ॅपवर, घरोघरी.
- ४ नोव्हेंबर २०२५: किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारी करण्याचे नवे नियम. यांत्रिक आणि मोठ्या मोटर बोटींना ऑनलाइन प्रवेश पास लागणार, पारंपरिक आणि लहान बोटींना सूट. एलईडी दिव्यांची मासेमारी बंद.
- २१ नोव्हेंबर २०२५: जागतिक मत्स्यव्यवसाय दिनी मासळीचा माग ठेवण्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर.
- १० जानेवारी २०२६: युरोपीय संघात आयात मासळीची पकड प्रमाणपत्रं 'कॅच' या डिजिटल प्रणालीतूनच हाताळणं सक्तीचं.

यादी पुन्हा एकदा वाचा. कृषी दर्जा आणि आयातशुल्क हे पैशांचे विषय सोडले, तर बाकी जवळपास प्रत्येक ओळ नोंदणी, मोजणी किंवा पाळत यांपैकी एकीची आहे.

ट्रान्सपॉन्डर नेमकं काय करतो?

किनारा सोडून बोट आत गेली की काही किलोमीटरनंतर मोबाइल टॉवर सुटतो. त्यापुढे तांडेलकडे वायरलेस सेट असतो, पण त्यालाही पल्ल्याची मर्यादा आहे. ट्रान्सपॉन्डर थेट उपग्रहाशी बोलतो. आपल्या योजनेत तो इस्रोच्या जीसॅट-६ उपग्रहाशी बोलतो. हा उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये सोडला गेला आणि तो पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे.

आता एवढ्याशा बोटीवरच्या एवढ्याशा डब्याचा क्षीण सिग्नल तिथवर कसा पोचतो? उत्तर उपग्रहाच्या बाजूला आहे. जीसॅट-६ वर ६ मीटर व्यासाचा, छत्रीसारखा अंतराळात गेल्यावर उघडणारा अँटेना आहे. बोलणाऱ्याचा आवाज बारीक असेल तर ऐकणाऱ्याचा कान मोठा लागतो, इतकं सोपं तत्त्व.

डब्याला तांडेलचा फोन ब्लूटूथने जोडतात आणि त्यावर 'नभमित्र' नावाचं अ‍ॅप चालतं. टॉवर नसतानाही छोटे मेसेज दोन्ही बाजूंनी जाऊ शकतात. वादळाचा इशारा स्थानिक भाषेत येतो. संकटात मदत मागता येते. देशाची सागरी हद्द जवळ आली की सूचना मिळते. डहाणू-पालघरकडच्या घरांना या सूचनेची किंमत समजावून सांगावी लागत नाही, तिथले खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून आलेत.

म्हणजे वस्तू चांगली आहे. आमच्या मावशींना फिरत आलेल्या फोटोतून कळलेलं वादळ भर समुद्रातल्या तांडेलला थेट कळेल, यात वाईट काही नाही. पण हाच डबा दर थोड्या वेळाने बोट कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला सांगतो. ते पुढे.

उपग्रहाला मासा दिसतो का?

नाही दिसत. पण मासा कुठे असण्याची शक्यता आहे, ते काढता येतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्रीय संस्था हे काम करते. उपग्रह दोन गोष्टी मोजतो: समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्य, म्हणजे सूक्ष्म वनस्पती किती आहेत ते कळतं. जिथे थंड आणि उबदार पाणी भेटतं तिथे पोषक द्रव्यं वर येतात, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे येतात. अशा पट्ट्यांची माहिती 'या बंदरापासून अमुक दिशेला, अमुक अंतरावर, इतक्या खोलीवर' अशा स्वरूपात मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांमध्ये दिली जाते.

मर्यादाही आहेत. ढग असले की उपग्रहाला पाणी दिसत नाही. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, सल्ला दिला जात नाही. आणि एक मर्यादा विज्ञानाबाहेरची आहे. एकच सल्ला सगळ्यांना मिळाला, तर जास्त अश्वशक्तीची बोट आधी पोचते. माहिती सारखी असली तरी इंजिन सारखं नसतं.

केरळमध्ये मोबाइल आला तेव्हा काय झालं?

तंत्रज्ञान आणि मासेमारी यावरचा जगातला बहुधा सगळ्यात गाजलेला अभ्यास भारतातलाच आहे. १९९७ ते २००१ दरम्यान उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने आली. टॉवर किनाऱ्यालगत असल्याने सिग्नल समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत जायचा. त्याआधी तारली पकडून आलेली बोट आपल्या ठरलेल्या बंदरावरच माल उतरवायची. तिथे आधीच ढीग असेल तर मासळी फुकट जायची, आणि पंधरा किलोमीटरवरच्या बाजारात गिऱ्हाईक मासे न मिळाल्याने रिकाम्या पिशव्या घेऊन परत जायचं.

फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच तीन-चार बाजारांत भाव विचारू लागले आणि जिथे मागणी आहे तिथे बोट वळवू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये हे आकड्यांत मांडलं: फुकट जाणारी मासळी जवळपास शून्यावर आली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली. दोघांचाही फायदा.

यात कुठलंही खास अ‍ॅप नव्हतं, पोर्टल नव्हतं, अनुदान नव्हतं. माहिती मच्छीमाराच्या हातात आली आणि निर्णय त्याने घेतला, एवढंच झालं. आजच्या यंत्रणांकडे बघताना मी हीच कसोटी लावतो: माहिती मच्छीमाराकडे येतेय, की मच्छीमाराकडून जातेय?

मग अडचण कुठे आहे?

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी ट्रक ट्रॅकिंगच्या प्रणालीवर काम केलं. ट्रकमध्ये जीपीएसचा डबा, ऑफिसात डॅशबोर्ड. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, वेग किती होता, सगळं साहेबाला दिसायचं. एका ड्रायव्हरचे पैसे कापले गेले, कारण गाडी चार तास एका जागी उभी होती. तो म्हणत होता, माल उतरवायला गोदामातच रांग होती. ते खरं होतं. डेटातही होतं, कारण गाडी उभी होती ती जागा गोदामाच्या दारातच होती. पण त्याला स्वतःचाच रेकॉर्ड बघायची सोय आम्ही बनवलीच नव्हती. 'रिक्वायरमेंट'मध्ये नव्हती ना! मीही तेव्हा विचारलं नाही. त्याच्या बाजूचा पुरावा त्याच्याच गाडीने तयार केला होता आणि तो त्यालाच मिळत नव्हता.

बोटीचंही असंच होऊ शकतं. ट्रान्सपॉन्डर बंद ठेवण्याकडे काही मच्छीमारांचा कल असतो आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवायचंय. कधी ते खरंही असेल. पण मासळीची जागा हे तांडेलचं भांडवल असतं, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं. ती जागा कुणाला दिसणार, किती दिवस साठवली जाणार, दंडासाठी वापरणार की मदतीसाठीही, याचं उत्तर त्याच्या भाषेत, कागदावर मिळालं नाही तर तो बटण बंद करणारच. आपणही अ‍ॅपने लोकेशन मागितलं की 'नेव्हर' दाबतोच की.

दुसरी बाजूही सांगतो. या नजरेची गरज स्वतः मच्छीमारांनाच होती. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना वर्षानुवर्षं ओरडत आहेत की एलईडी दिवे लावून आणि बेकायदा पर्ससीन जाळ्यांनी समुद्र खरवडला जातोय. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच्या राज्याच्या हद्दीत रात्री गस्त घालणार कोण? ड्रोनचा फोटो हा पुरावा म्हणून उभा राहू शकतो. छोट्या बोटवाल्याची तक्रार 'ऐकीव' राहत नाही.

जगातही हाच पेच आहे. उपग्रह आणि मशीन लर्निंग वापरून समुद्रातल्या बोटींचा नकाशा बनवणाऱ्या 'ग्लोबल फिशिंग वॉच'च्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की औद्योगिक मासेमारी करणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश नौका सार्वजनिक ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाहीत. म्हणजे लहान बोटींवर डबे बसवत असताना जगातले मोठे मासे अंधारातच पोहतायत.

पालघरचं एकच व्यासपीठ

३० ऑगस्ट २०२४ च्या त्या कार्यक्रमाकडे परत जाऊ. ज्या दिवशी ट्रान्सपॉन्डर योजना सुरू झाली, त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. तिथल्या मच्छीमार संघटनांचा या बंदराला जुना विरोध आहे. भरावामुळे आणि जहाजांच्या मार्गांमुळे आपल्या मासेमारीच्या जागा जातील, हे त्यांचं म्हणणं.

बंदर व्हावं की नाही, हा वाद इथे सोडवत नाही. पण डेटाच्या नजरेतून बघा. शेतकऱ्याची जमीन जाते तेव्हा त्याच्याकडे सातबारा असतो. समुद्राला सातबारा नाही. 'आमचा आजा इथेच डोल लावायचा' हे वाक्य सरकारी फाइलमध्ये पुरावा ठरत नाही. उद्या ट्रान्सपॉन्डरचे पाच वर्षांचे मार्ग साठले, तर कुठल्या गावाच्या बोटी कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात जातात याचा नकाशा तयार होईल. तो मच्छीमारांचा सातबारा होऊ शकतो. पण त्याची प्रत त्यांच्या सहकारी संस्थेकडे असेल तरच. नाहीतर तोच नकाशा 'इथे तर फारशा बोटी येत नाहीत' असं म्हणायलाही वापरता येईल, विशेषतः लहान बोटींवर डबाच नसताना.

आकड्यातली 'मासळी' कुणाची?

२०२४-२५ मध्ये भारताने ६२,४०८ कोटी रुपयांची सागरी उत्पादनं निर्यात केली. आकडा दणदणीत आहे. पण त्यातला दोन तृतीयांशांहून मोठा वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा आहे, आणि ती बहुतांशी आंध्रसारख्या राज्यांतल्या तलावांत वाढवलेली. अमेरिकेचं शुल्क वाढलं तेव्हा 'मत्स्यव्यवसाय संकटात' अशा बातम्या आल्या, त्या मुख्यतः या कोळंबीच्या होत्या.

कोकणचं गणित वेगळं आहे. समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेतच नाही, कारण ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेलं कासव बाहेर पडेल अशी चौकट आपल्या जाळ्यांना नाही. आपल्याकडून बाहेर जातं ते माकूळ, वाकटी, आणि राणीमाशापासून रत्नागिरीत बनणारी सुरिमी. परदेशातल्या हॉटेलांत 'क्रॅब स्टिक' म्हणून खातात ती बऱ्याचदा हीच, त्यात खेकडा औषधालाही नसतो. तेव्हा एका राष्ट्रीय आकड्यावरून मदतीची योजना बनली, तर कोकणचा प्रश्न सरासरीत बुडतो.

युरोपच्या 'कॅच' प्रणालीचा मुद्दा इथेच येतो. आता माल कुठल्या बोटीने पकडला हे डिजिटल स्वरूपात सांगावं लागणार. हर्णैच्या लिलावात दहा बोटींचा माल एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत एकत्र होतो, तिथे ही नोंद कोण करणार? निर्यातदार आणि मोठा बोटमालक माणूस ठेवून करून घेईल. दोन सिलिंडरची बोट असलेला माणूस काय करेल? ज्याची नोंद नाही, त्याचा माल स्वस्तात जाईल. मच्छीमार तोच, मासा तोच, भाव वेगळा.

जे डेटाबेसमध्येच नाहीत

सॉफ्टवेअरमध्ये एक साधी गोष्ट आहे. टेबलात ओळ नसेल, तर क्वेरी कितीही हुशारीने लिहा, ती व्यक्ती निकालात येणार नाही. क्यार आणि महा वादळांनंतर २०२० मध्ये राज्याने मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटींचं पॅकेज दिलं. अशी मदत बोटीचा प्रकार, नोंदणी, संस्थेचं सभासदत्व यावरून वाटली जाते. डिझेलचा परतावाही नोंदणीकृत बोटीवरच मिळतो.

मग यात खलाशी कुठे बसतो? कोकणातल्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी आहेत. घाट चढून येणाऱ्या विक्रेत्या बायका कुठे बसतात? आणि दाभोळ खाडीतले भोई? खाडीतल्या मासेमारीला लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा फटका बसल्याच्या तक्रारी कितीतरी वर्षं चालू आहेत. मासे मेलेले दिसले की बातमी येते, पंचनामा होतो. पण त्याआधी खाडीत रोज किती मासळी मिळत होती याचा हिशोब लिहिलेला नसेल, तर नुकसान किती झालं ते सिद्ध कसं करायचं? खाडीतल्या होडीला ना ट्रान्सपॉन्डर, ना ड्रोनचा फोटो. नुकसान मोजायला आधीचं माप लागतं.

काय व्हायला हवं?

माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाहीत.

एक, प्रत. ज्या बोटीचा डेटा, त्या बोटीच्या फोनवर त्याची पूर्ण नोंद उतरवून घेण्याची सोय. 'डाउनलोड' असं एक बटण. व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आपली माहिती काय साठवली आहे ते विचारण्याचा हक्क आहे. सरकारी यंत्रणांना त्यात सवलती आहेत, म्हणूनच ही सोय योजनेच्या नियमांतच लिहायला हवी.

दोन, संस्थेचा वाटा. एकटा मच्छीमार आकडे घेऊन मंत्रालयात जाणार नाही. पण कोकणात मच्छीमार सहकारी संस्थांचं जाळं जुनं आहे. गावातल्या सगळ्या बोटींची एकत्रित, नावं काढून टाकलेली माहिती संस्थेला मिळाली, तर कृती समिती निवेदनाला नकाशा जोडू शकेल. कुणाचीही मोक्याची जागा उघडी न पडता.

तीन, लहानांना सोपी दारं. पारंपरिक बोटींना प्रवेश पासातून सूट दिली हे योग्यच. पण सूट म्हणजे नोंदीतून गायब होणं असं होऊ नये. बंदरावर लिलावाच्या वेळी वजन आणि जात बोलून नोंदवता येईल असं मराठी अ‍ॅप पुरेसं आहे. फोनवर बोलून टाइप करणं आता कुणाला नवीन नाही. फक्त ते 'टन' न विचारता 'पाटी' विचारणारं असावं.

चार, आकड्यांचा मेळ. मासळीच्या उत्पादनाचे राज्य मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे वेगळे आणि केंद्रीय संशोधन संस्थेचे वेगळे, कारण पद्धती वेगळ्या. दोन्ही पद्धती मराठीत समजावून आकडे शेजारी-शेजारी ठेवले, तर निदान भांडण कशावर करायचं ते तरी ठरेल.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घरात, ओळखीत कुणी मासे पकडणारं किंवा विकणारं असेल, तर राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर त्यांची नोंदणी झाली आहे का ते विचारा. ती फक्त बोटवाल्यांसाठी नाही, विक्रेत्यांसाठी आणि गोड्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांसाठीही आहे. म्हणजे शिवसागरात जाळं टाकणाऱ्यालाही ती लागू आहे. अर्ज भरताना जे स्क्रीनशॉट येतील ते त्यांच्याच फोनमध्ये ठेवून द्या, तुमच्या नको. नोंदणीच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. हवामानाचा इशारा फिरत आलेल्या फोटोतून न बघता हवामान विभागाच्या किंवा इन्कॉइसच्या साइटवरून बघायला शिकवा. जुना फोटो पुन्हा फिरला, तर एक दिवसाची रोजी बुडते. किंवा उलट, नको त्या दिवशी बोट बाहेर जाते.

दिवाळीत घरी आलो तेव्हा मावशी पुन्हा भेटल्या. मी नोंदणीचं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्याच्यानं काय मिळतं?" मी खरं तेच सांगितलं: आज बहुतेक काही नाही, पण उद्या काही वाटायचं ठरलं तर यादीत नाव असेल. त्यांनी जरा विचार केला, मग आधार कार्ड पिशवीतून काढलं. हेळवाकच्या फाट्यावर नेटवर्क दोनदा गेलं, ओटीपी उशिरा आला, तोवर तीन गिऱ्हाइकं झाली. अर्ज भरताना जिल्हा विचारला. राहायला रत्नागिरी, धंदा सातारा. पर्याय एकच निवडता येत होता.

"रत्नागिरी टाक," त्या म्हणाल्या. "मासा तिकडचाच आहे."